मास्तरांचं घर

अध्यक्षस्थानी बसलेले सरपंच बेरार्दो, व्यासपीठावरचे फादर, वडिलांना, म्हणजे आपल्या मास्तरांना, न्यायला तुरीनहून आलेली लोरेदाना, आणि समोर बसलेले गावकरी हो, निरोपाचा समारंभ चारला आहे हे तुमच्यापैकी निम्म्यांच्या ध्यानातच नव्हतं. चर्चची घंटा वाजवून बोलवावं लागलं. आणि विसराळू कोण, तर म्हणे आपले पान्फिलो मास्तर.

मास्तर गर्दीला बिचकले, बाहेर अंजिराखाली बसलेत, म्हणून मोकळं बोलते.

तुम्हाला त्यांनी लॅटिन शिकवलं. मला अक्षरही येत नाही, तरी चाळीस वर्षं ते माझे शब्द टिपायला वही घेऊन माझ्या चुलीपाशी बसायचे. म्हणायचे, "नुन्झियाता, शिकलेले लोक शब्द धुऊन वापरतात. मला मातीत लोळलेले हवेत." त्यांचा लाडका शब्द 'कासा', म्हणजे घर. जुन्या लॅटिनमध्ये कासा म्हणजे नुसती झोपडी. मोठ्यांच्या घराला वेगळा शब्द होता. तो बोलण्यातून गेला, झोपडी राहिली.

मी म्हटलं, "म्हणजे मास्तर, आपण सगळे झोपडीतच की."

"आणि ऐक, बाजाराला जाताना, नदीला जाताना आपल्या बोलीत नावाआधी 'तो', 'ती' असा एक छोटा शब्द जोडावा लागतो. घरी जाताना नाही लागत. घराची ओळख कुणाला करून द्यायची?"

मागच्या मंगळवारी मास्तर माझ्या दारात उभे. कोटाची बटणं खालीवर. "बाई, मला घरी पोहोचवता का?" बाई म्हणाले मला. मी चुकले. म्हटलं, "अहो, समोर दिसतंय ते तुमचंच." त्यांचे डोळे भरले. "ते नाही हो."

मग काठी घेतली. हात धरून नदीपर्यंत नेलं, गिरणीला वळसा घातला आणि त्यांच्याच दारात आणलं. "आलं घर." आत कुणीच नव्हतं, तरी डोकावून म्हणाले, "चांगली माणसं दिसतात. त्यांना चालेल ना?"

म्हटलं, "वाटच बघताहेत तुमची."

ज्यांना हे दार ओळखू येत नाही, त्यांना तुरीनचं सातव्या मजल्यावरचं येईल का? पण लोरेदानाने तरी नोकरी सोडून इथे कसं राहावं? पोरी, तुझ्यावर राग नाही. ते घर मागतील तेव्हा समजावत बसू नकोस. कोट चढव, खाली ने, फिरवून आण.

म्हातारीला बोलू दिलंत, आभारी आहे. कमीजास्त निघालं असेल ते पोटात घाला. आणि तुरीनला मिठाईचे डबे धाडू नका कुणी. अक्रोड पाठवा, कवचासकट. फोडताना त्यांचे हात अजून चुकत नाहीत.