रकाना बारा

— लिहिलंय ना ‘नाही’? मग नाहीच, हवालदारसाहेब. ‘कधी अटक झाली आहे काय?’ — रकाना बारा — ‘नाही’. आशय माझा भाचा, माझ्याच घरी वाढला, मला माहीत नसणार तर कोणाला? बसा, चहा घ्या. चौतीस वर्षं असल्या चारित्र्य-पडताळणीच्या फायली माझ्याच टेबलावरून गेल्या, अन् आता तुम्ही दारात येऊन मलेच विचारून राहिले! त्या नवा रायपूरच्या गोपनीय शाखेत — फाटकावर नावसुद्धा नाही म्हणे — तिथं असा पोट्टा शोधून सापडणार नाही.

काय काढलं पिशवीतून? ठाण्याचा कागद? बघू. भनपुरी… हव, हे आहे. पण ही काय अटक म्हणायची? मित्राची वरात, थोडी जास्त झाली, फटफटी घेऊन ट्रकांच्या रांगेत घुसला — दुपारी धरला, संध्याकाळी जामीन. अन् ही दुसरी — नवा रायपुरातली; तिकडचे रस्ते एवढे रुंद अन् रिकामे, गाडी दिसली तर लोक वळून बघतात, अन् हा नेमका पोलिसांच्याच गाडीला घासला! पण त्यानंतर पाच वर्षं थेंब नाही, साहेब. अभनपूरच्या व्यसनमुक्ती केंद्राचं प्रमाणपत्र आहे, इंदूनं — त्याच्या आईनं — फ्रेम करून लावलंय, बीएस्सीच्या वर. पाऱ्यात, या आमच्या मोहल्ल्यात, कोणत्याही घरी विचारा.

काय म्हणता — जुनं पिणं चाललं असतं, लपवलेलं चालत नाही? मलेच शिकवता? पिणारा गुपित ओकतो म्हणून तुमचं खातं घाबरतं. अहो, गुपितं फोडतात ती न पिणारी माणसं, चहाच्या घोटाबरोबर — हसता काहून? तो लपवत नव्हता! लपवायचं असतं तर दोन्ही तारखा चिठ्ठीवर कशाला लिहून दिल्या असत्या —

…बरं. ऐका. आमच्या घरची पद्धत आहे. फॉर्म गॅसचा असो की रेशनचा, सही ज्याची त्यानं करायची, बाकी मी भरायचं. अक्षर चांगलं आहे ना माझं. आशयनं कोऱ्या फॉर्मवर सही केली, चिठ्ठी ठेवली, ‘मामा, बाराव्या रकान्यात हो लिहा’ म्हणाला अन् गेला कामावर. मी ‘नाही’ लिहिलं. कारण ‘हो’ लिहिलेली फाईल वर जात नाही, हे मी चौतीस वर्षं पाहिलंय. काहून जात नाही? मीच जाऊ देत नव्हतो. अटक दिसली की गठ्ठ्याच्या तळाशी. प्रमाणपत्रं जोडलेली असायची — वाचली नाही कधी.

म्हणजे याची नोकरी दारूनं नाही, माझ्या अक्षरानं जाणार?

थांबा. चिठ्ठी आहे. कारकून कागद फेकत नसतो. ही बघा — तारखा, ठाणी, अन् हे त्याचं अक्षर, कोंबडीचे पाय. पेन द्या. तुम्ही नका लिहू, मीच लिहितो: ‘रकाना बारातील उत्तर खोटं असून ते मी, विनायक देवतळे, निवृत्त लिपिक, उमेदवाराच्या सांगण्याविरुद्ध लिहिलं.’ तारीख, सही. लावा फॉर्मशेजारी. एकच अक्षर आहे की नाही? माझ्यावर काय कारवाई करायची ती खुशाल करा. अन् ही चिठ्ठी फायलीत सगळ्यात वर लावा. तळाशी नाही.

आता उठा. आशय यायची वेळ झाली, अन् हे त्याला मी सांगणार आहे, तुम्ही नाही. चहा राहू द्या.