दोन हसाजी

तुम्ही कधी वीस वर्षं परक्याच्या कबरीवरचं गवत उपटलंय? मी उपटलंय.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलच्या आमच्या जुन्या कबरस्तानात मी दर वर्षी पणजोबा हसाजींची कबर साफ करायची आणि रिवाजाप्रमाणे वर एक खडा ठेवायची. यंदा इस्रायलहून आत्या आली, खास तेवढ्यासाठी. ती कबरीवर यायच्या आदल्या संध्याकाळी मी झाडायला गेले, तर तिचा फोन. "दगडावर आपल्या गावाचं नाव, आपटा, दिसतंय ना गं अजून?"

नावाखालच्या ओळीवरचं जुनं शेवाळ पहिल्यांदाच खरवडलं. हसाजीच होते, पण शिरढोणचे!

राखणदार किसनमामांना म्हटलं, "मामा, आमचे हसाजी इतकी वर्षं बेवारस पडले हो! आत्याला काय तोंड दाखवू?"

"बेवारस कशाला? आपट्याचे हसाजी त्या आंब्याखाली हायत. ठाण्याचे एक आजोबा दर साली येऊन घासून जातात. त्यांचे खरे हे शिरढोणचे."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुमी दोघंबी इतक्या मायेनं करत होता, मंग कशाला बोलायचं?"

आंब्याखाली आमचे पणजोबा लख्ख होते, वर खड्यांची रांग. मी तिथेच बसून हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने दोन्ही हसाजींवर एकेक खडा ठेवला.