न्हाणीघराच्या खड्ड्यात सापडलेल्या अंगठीबाबत

दि. १५ मार्च २०२३, बुधवार

नाव : नेरिना फोगार. वय : ५८ वर्षे. धंदा : शेती व भाजीविक्री. राहणार : अक्विलेया, जुन्या बंदराच्या रस्त्याला शेवटून दुसरे घर.

मी आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, पती अदेल्की व सासू एर्मिनिया, वय ८९, असे तिघे राहतो. न्हाणीघर माडीवर आहे. सासूबाईंना दोन वर्षांपासून जिना चढवत नाही, म्हणून आम्ही दोघे त्यांना खुर्चीत बसवून वर नेतो. त्याकरिता खाली अंगणाला लागून नवे न्हाणीघर बांधायला काढले.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास गवंडी तुल्लियो याला खणताना सोन्याची अंगठी सापडली. तिच्यात कोरीव लाल खडा आहे. तुल्लियो म्हणाला, "वहिनी, मी काही बघितलं नाही. तुम्हीही बघू नका." रोमन काळातले काही निघाले की आमच्या गावात असेच बोलतात. कळवले तर पुरातत्त्व खात्याची माणसे येऊन दोरी बांधतात आणि काम दोन-दोन वर्षे अडते. पती म्हणाले, "गुरुवारी सिमेंटची गाडी येतेय. तोवर तोंडाला कुलूप." अंगठी परत खड्ड्यात टाकायचे ठरले.

टाकण्यापूर्वी खड्यावर काय कोरले आहे ते पाहावे असे मला वाटले. तिथेच चुकले. उजेडात धरूनही चित्र कळेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शिक्का आहे तो. मेणात दाबून बघ." गारपीट टळावी म्हणून लावतो ती चर्चमधली मेणबत्ती घरात होती. ती वितळवून बशीत ओतली व अंगठी दाबली. मेणात एक माणूस उठला. तो काठी टेकून वाकला आहे आणि त्याच्या पायाशी जमिनीतून एक डोके वर आले आहे. नुसते डोके.

तुल्लियो म्हणाला, "हा तर मीच!" पती म्हणाले, "मढं आहे, पुरून टाक." सासूबाईंनी बशी नाकाशी धरली. "मढं कसलं? तोंड उघडंय त्याचं. बोलतंय ते. काय बोलतंय?" त्या दिवशी शेगडीवरचा मक्याचा पोलेंटा करपला. मंगळवारीही घरात दुसरा विषय नव्हता.

आज सकाळी आठला मी अंगठी टाकायला अंगणात निघाले असता सासूबाईंनी थांबवले. त्या म्हणाल्या, "एकसष्ट साली हे स्वयंपाकघर बांधलं, तेव्हाही खाली काहीतरी लागलं होतं. रंगीत खड्यांची जमीन. एका पक्ष्याचं शेपूट तेवढं दिसलं, आणि तुझ्या सासऱ्यांनी त्याच दुपारी सिमेंट ओतलं. बासष्ट वर्षं मी त्याच्यावर उभी राहून रांधलं गं. पुढे पक्षी कसला होता, मला माहीत नाही."

त्या रडत होत्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. मी विचारले, "आई, मग न्हाणीघराचं काय?" त्या म्हणाल्या, "न्या तशीच खुर्चीतून. जड झाले तर तोंडावर सांगा."

असा शोध चोवीस तासांत कळवायचा असतो, हे अक्विलेयात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. मला उशीर झाला, तो मला मान्य आहे. पती बाहेर गाडीत बसले असून माझ्याशी बोलत नाहीत. परंतु गाडी त्यांनीच आणली आणि मेणाची बशीही त्यांनीच टॉवेलात गुंडाळली. अंगठी व बशी हजर केली आहे.

खात्याच्या माणसांनी येताना पहार आणावी आणि आधी आमच्या स्वयंपाकघराची फरशी उखडावी, अशी माझी विनंती आहे. शेगडी मी अंगणात हलवली आहे. सासूबाई तेथेच खुर्ची टाकून बसल्या आहेत. त्यांच्या मते तो मोर असावा.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे.

सही : नेरिना फोगार