काचघराले पोतारा

...नाई, हसा तुमी, हसाच! पन तुमाले सांगतो, उन्हायात जठी कावळ्याले सावली भेटत नाई, तठी झाडाले ऊब भेटावी म्हनून काचेचं घर बांधनाऱ्याले काय म्हनावं? अन् लहान नाई बाप्पा, बारातीचा मांडव मावंल एवढं! बबनराव म्हने, "मदनसिंग, विलायतेत मोठमोठ्या शाळायले अशीच काचघरं असतात." अरे पन विलायतेत बर्फ पडते! आमच्या शेलूबाजारच्या रस्त्याले काय पडते? फुफाटा! पन मी कायले बोलू? मी निस्ता चौकीदार.

हे बबनराव म्हंजे आमच्या शेतकी शाळेचे कारभारी. अन् मी तांड्यावरचा मानूस. कापूस येचून झाला का घराले कुलूप, डोक्यावर गठुडं, लेकरं बखोटीले, अन् चालले परमुलखात गिट्टी फोडाले. बबनराव म्हने, "सध्या टेम्परवारी राह्य. नागपूरचा सायेब येईन, इमारत पाहीन, किंमत लावीन. त्यानं पास केली का तुही नोकरी पक्की." पक्की! म्हंजे गठुडं खुंटीले अन् लेकरं एका गावात! गोमतीबाई, आमची घरवाली, तिच्या डोयाले पानीच आलं. मह्याही आलं, खोटं काहून बोलू?

पन इमारत कशी? बाप्पा बाप्पा! ठेकेदार अकोल्याकडचा, बोलाले साखर. "लोखंड विलायती, काच एक नंबर, लुकन असं पक्कं का नातू पाहीन!" लुकन म्हंजे काच बसवाची चिकट लगदी. अन् आमची शेळी रोज काचघराले जीभ लावून राह्यली! म्हटलं, हिले काय गोडी लागली? बोट लावून चाखून पाह्यलं त जवारीच्या पिठाची खळ! खांबाले पाठ टेकवली का खांब म्हने, तूच मले टेकू दे. दरवाजा लागला का उघडे नाई, उघडला का लागे नाई. बबनरावाले सांगितलं त म्हने, "तू इंजिनेर हायेस काय बे?" नाई बाप्पा. मी निस्ता चौकीदार.

अन् आतमंदी संत्र्याची कलमं! चैतात तठी भाजी शिजली असती, कलमं काय जगतीन? माना टाकून बसली बिचारी. तेवढ्यात सांगावा आला, सायेब येऊन राह्यला. बबनराव घाबरे, "मदनसिंग, इमारत कशी लखलखीत दिसली पायजे!" मी गोमतीले सांगितलं, "पाव्हना येऊन राह्यला वं, घर साफ करजो," अन् गेलो शेलूबाजारले हार आनाले.

आता तुमीच सांगा, तांड्यावर पाव्हना येनार म्हटलं का बाई काय करते? पोतारा! वापस येऊन पाहतो त काय... काचघर गायब! तांड्यावरच्या साऱ्या बाया गोया करून तिनं भिंती त भिंती, वरच्या काचाही चुन्यानं पोतारल्या! पांढरंशिप्पट! मी म्हटलं, "काय केलं वं हे?" तर म्हने, "आवो, आरपार दिसते ते काय घर हाये? पाव्हन्याले आतलं सारं उघडं दावता काय?"

बबनराव तर नाचाले लागले! "खरवड! आत्ताच्या आत्ता खरवड!" म्या खुरपं लावलं... अन् तुमाले सांगतो, चुना तसाच राह्यला अन् काच खाली! दुसरीले लावलं, तेही खाली! चुन्यानंच काचा धरून ठेवल्या होत्या बाप्पा, लुकन तर शेळीच्या पोटात! बबनराव कपाळाले हात लावून म्हने, "राहू दे. हात नको लावू. नोकरी गेली समज." अन् सायेबाची जीप नादुरुस्त होती, त्यानं आनखी पंधरवडा लावला. रोज रातच्याले गोमती गठुडं बांधे अन् सोडे.

आला सायेब! हातात हातोडी. खांबाले ठक केलं, गंजाचे पोपडे त्याच्या बुटावर. चौकटीत बोट घातलं, अर्धं आतमंदी. "ही काय इमारत आहे?" मंग सायेब आत गेला अन् बाहीर यायचं नावच घेईना! पाहतो त आतमंदी गारवा, अन् संत्र्याची कलमं हिरवीगार, नवी पालवी फुटलेली! सायेबानं बाहीर येऊन डोये वटारले, "हा चुना कोणी लावला?"

बबनराव म्हने, "सायेब, मी नाई! त्या बाईनं!" अन् मीही... मह्याही तोंडातून निंघालं ना बाप्पा, "हो सायेब, हिनंच! मले काई मालूम नाई, मी निस्ता चौकीदार!"

सायेब हसला. म्हने, "वा! अशीच सावली हवी होती. दर उन्हाळ्यात चुना लावा, पावसाळ्यात धुवा, कलमांना पाणी घाला. या बाईंची नेमणूक पक्की करा."

पक्की! म्हटलं सायेब, अन् मी? तर इमारतीकडं पाहून म्हने, "या सांगाड्याची किंमत भंगाराइतकी. चोर आला तर न्यायची मजुरी त्यालाच द्यावी लागेल. चौकीदार कशाला?"

आता काय... गठुडं खुंटीले हाये. लेकरं एका गावात हायेत, हेही खरं, नाई कायले म्हनू? सकाळी गोमतीबाई चुन्याची बालटी घेऊन डुटीवर निंघते. उंबऱ्यातून वळून म्हनते, "आवो, शेळी बांधजा, भाकरी झाकून ठेवजा, अन् घराकडं ध्यान ठेवजा बरं!"

ठेवतो बाप्पा. मी निस्ता चौकीदार... तोही बिनपगारी!