हिरव्या पाकिटातलं सूप

सून: आई, तो पाव ठेवा खाली. मागचं वाचल्याशिवाय टोपलीत काही टाकायचं नाही, ठरलंय ना आपलं?

सासूबाई: अगं, पाव आहे तो, कोर्टाचा कागद नव्हे! पूर्वी दुकानात यायचं म्हटलं की मी सकाळपासून पिशवी घेऊन तयार असायचे. आता तुझ्याबरोबर आले की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

सून: परीक्षा उद्या आहे, दहा वाजता. तुमच्या मुलाची. रक्तदाब उतरला नाही तर बस चालवायला देणार नाहीत. डेपोच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

सासूबाई: माहितीये गं. माझा तरी कुठे डोळा लागतोय.

सून: तीन महिने मीठ मोजून घालतेय. वेफर्स बंद, खारे शेंगदाणे बंद. तरी मशीनवरचा आकडा ढिम्म हलत नाही. म्हणजे हे बाहेर खातात. दुसरं काय?

सासूबाई: तो नाही म्हणाला ना?

सून: नाही म्हणतात आणि मान खाली घालून जेवतात. म्हणूनच चार दिवस बोलत नाहीये मी.

सासूबाई: दिसतंय ते. घरात भांडं वाजलं तरी दचकायला होतं. चल, आधी भाजीकडे जाऊ. हा पालक बघ. देठ कट्कन मोडलं की समजायचं, आजचा. आणि भोपळा असा वाजवून घ्यायचा.

सून: आई, लोक बघतायत.

सासूबाई: बघू देत, फुकटात शिकतील.

सून: घ्या मग. भाजीवर वाचायला काही नसतं, तेवढंच बरं.

सासूबाई: म्हणून तर मला इथेच रमायला आवडतं.

सून: आता तेल घेऊ. अहो, तिकडे कुठे?

सासूबाई: आलेच. ही सहा हिरवी पाकिटं टाक टोपलीत.

सून: सूपची पावडर? कशाला?

सासूबाई: घरातली संपली. एरवी कोपऱ्यावरून आणते मी. तुझं सूप अळणी गं, त्याच्या घशाखाली उतरेना. दुपारी ड्युटीवरून यायचा नि अर्धी वाटी टाकून उठायचा. मग तू कामावर गेलीस की पातेल्यात एक पाकीट रिकामं करते मी. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता बघ, वाटी चाटूनपुसून ठेवतो. उद्या तपासणी, आज तरी पोटभर जेवायला नको?

सून: रोज घालता?

सासूबाई: रविवार सोडून. रविवारी तू घरी असतेस.

सून: मागचं वाचलंत?

सासूबाई: पुढे गाजर, मटार, सगळं काढलंय की. भाजीचीच पूड.

सून: मागचं वाचा, आई. हे इथे.

(सासूबाई पाकीट डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, पुन्हा जवळ आणतात.)

सासूबाई: दिसत नाही गं मला.

सून: चष्मा आहे ना डोळ्यांवर?

सासूबाई: चष्म्यातूनही नाही. वर्ष झालं. रंग दिसतात, मोठं दिसतं, बारीक काही नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आई, गॅसपाशी जाऊ नका, बाजारात येऊ नका. मग दिवसभर मी करायचं काय? ते जाऊ दे. काय लिहिलंय?

सून: मीठ. मी दिवसभरात घालते त्याहून जास्त, एका पाकिटात.

सासूबाई: अगं बाई! माझ्याच हातानं?

सून: आणि मी यांना खोटारडे म्हणाले. मुलीसमोर.

सासूबाई: आज बंद केलं तर उद्यापर्यंत उतरेल का गं?

सून: एका दिवसात नाही उतरणार.

सासूबाई: मग मी येते उद्या. डॉक्टरांना सांगते, साहेब, यानं चोरून काही खाल्लं नाही, मीच न सांगता घातलं. महिनाभर थांबा, मग काय ते ठरवा.

सून: ऐकतील?

सासूबाई: कोण जाणे. पण मी गप्प बसले तर त्याची बस जाईलच.

सून: मला फार भीती वाटतेय, आई.

सासूबाई: मलाही.

सून: आणि तुमचे डोळेही दाखवायचे. लगेच.

सासूबाई: हं. आणि गॅस?

सून: गॅसपाशी दोघी उभ्या राहू. वाचायचं मी. वास घ्यायचा, दाबून बघायचं, चव सांगायची ते तुम्ही.

सासूबाई: मग ही पाकिटं ठेव जागेवर नि चल परत. लिंबं घेऊ, लसूण घेऊ, थोडी मिरी. मीठ कमी म्हणून जिभेला काहीच कळू नये होय?

सून: हे आधी का नाही सांगितलंत?

सासूबाई: तू विचारलंस कुठे? नुसती वाचत होतीस. आता त्याला फोन लाव. पाकिटाचं मीच सांगते. पण आधी तू बोल.

सून: काय बोलू?

सासूबाई: लाव तर खरी.

सून: हॅलो... अहो, मी. हो, मीच बोलतेय. दुकानातच आहोत. आईंना काही सांगायचंय, देते त्यांना. थांबा, त्याआधी... आज तुम्हाला काय खावंसं वाटतंय?