कोपराचा कच्चा टाका

पेटीवाले, सूर जरा खाली. टाळ मांडीवर ठेवा. पंखे चार आहेत, माणसं चारशे आहेत आणि एप्रिलमधलं भुसावळ आहे. त्यामुळे जवळ सरका असं काही मी म्हणणार नाही. आहात तिथेच बसा. कान मात्र इकडे द्या!

मंडळी, प्रश्न एकच आहे. माणूस कपडे घालतो, ते कुणासाठी?

"अंग झाकायला, महाराज!" कोण बोललं मागून? बरोबर. मग लग्नाला निघताना तीन साड्या पलंगावर पसरून अर्धा तास उभं राहायचं, ते कशासाठी? अंग तर पहिल्याच साडीत झाकलं होतं! पुरुषांनो, हसू नका. झब्ब्याला इस्त्री नव्हती म्हणून पुतण्याच्या बारशाला न गेलेला एक गृहस्थ मला दुसऱ्या रांगेत दिसतो आहे. नाव घेत नाही.

तर ऐका. ही गोष्ट पुराणातली नाही, आपल्याच गावातली आहे. गेल्या जूनमधली. बाईंचं नाव सिंधूताई अत्तरदे. त्यांना विचारूनच सांगतो आहे. मी म्हटलं, "ताई, नाव बदलू का?" त्या म्हणाल्या, "महाराज, नऊ वर्षं लपवण्यात गेली. आता नावासकट सांगा."

काय लपवलं? सांगतो. आधी बॅग भरू या!

सिंधूताईंची लेक प्राजक्ता. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर स्पेनला गेली, सेव्हिल नावाच्या शहरात. नऊ वर्षं ती म्हणते आहे, "आई, ये." आणि आई जात नाही! कधी गुडघा, कधी पासपोर्ट, कधी लोणच्याचा हंगाम. शेवटी लेकीने आईवडिलांची तिकिटंच काढली, महिनाभराची सुट्टी ठरवली आणि फोन केला.

"आई, सुती आण, पातळ आण, सैल आण. जूनमध्ये इथे बेचाळीस असतं."

"हो का? मग संध्याकाळी गार होत असेल."

"संध्याकाळी चाळीस!"

"पण परदेश आहे ना गं. स्वेटर असू दे एखादा."

ऐकलंत? भुसावळची बाई! जिच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजून निघतात, ती बाई बेचाळीस डिग्रीत स्वेटर नेणार! पण चूक तिची एकटीची नाही. आपल्याकडे परदेश म्हटलं की थंडी, हे पक्कं. गल्लीत बातमी गेली आणि लोकर यायला लागली. फालकांच्या घरून काश्मिरी शाल आली. बेंडाळे वहिनींनी हातमोजे दिले. वर म्हणाल्या, "घालून फोटो मात्र पाठवा हं!" कुणी कानटोपी दिली. सिंधूताई सगळं घेत गेल्या. एकालाही म्हणाल्या नाहीत की तिथे ऊन आहे.

का नाही म्हणाल्या? तिथे थंडी असली की लांब बाहीला कारण लागत नाही ना!

आता आलो मुद्द्यावर. सिंधूताईंच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, कोड आहे. पांढरे डाग. डॉक्टर स्वच्छ सांगतात की हे शिवल्याने पसरत नाही. औषधाच्या दुकानात विचारा, तेही सांगतील. पण गावाला कोण सांगणार?

प्राजक्ताच्या हळदीचा दिवस. मांडवात आई हळदीची वाटी घेऊन लेकीकडे निघाली. कोपरापर्यंतची बाही होती, हात उघडे. चार पावलं गेली असेल, तोच चुलत नणंद पुढे आली. गोड आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा. दमला असाल." आणि वाटी हातातून काढून घेतली! ना भांडण, ना वाईट शब्द. सिंधूताई मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लेकीला हळद दुसऱ्यांनी लावली. पाटावर बसलेल्या लेकीला काय दिसलं? आई मागे बसली आहे, एवढंच.

पुढच्या आठवड्यात सिंधूताई घरातले सगळे ब्लाउज घेऊन लोटनमामांच्या दुकानात गेल्या. शनिमंदिरामागे पाय-मशीनवर बसतात ना, ते लोटन शिंपी. "मामा, बाह्या मनगटापर्यंत वाढवा." मामांनी कापड जुळवून कोपरापासून खाली जोड दिला. कशाला म्हणून विचारलं नाही. शिंप्याला माप विचारायचं असतं, कारण विचारायचं नसतं. पण आठवडा कोणता होता, ते त्यांच्या ध्यानात राहिलं.

आणि नऊ वर्षांनी ताई पुन्हा दारात उभ्या.

"मामा, सहा ब्लाउज. लांब बाहीचे. आतून जाड अस्तर."

"कुठे निघालीस माय, हिमालयात?"

"स्पेनला. प्राजक्ताकडे."

"बर्फ पडतो तिथे?"

ताईंनी कापडाची पिशवी पुढे सरकवली. मामांनी टेप गळ्यात टाकला, म्हणाले, "गुरुवारी ये."

गुरुवारी सहा ब्लाउज तयार. मामांनी एक उलटा केला. "हे बघ. कोपरापर्यंतची बाही दुमडून पक्की शिवली आहे. खालचा तुकडा नुसता कच्च्या टाक्याने टाचलाय. हा पांढरा दोरा ओढला की सुटेल."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ताईंचा आवाज चढला!

"कुणी नाही. पक्का मारून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे."

मंडळी, 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? ताईंनी ब्लाउज ओढून घेतले, पिशवीत कोंबले. "मी घरी मारीन," म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या.

मारला का घरी? नाही! सुईदोऱ्याची डबी काढली, टेबलावर ठेवली. ब्लाउज बॅगेत घातले. काढले. सुती साड्या वर घेतल्या, खाली घातल्या. शाल घातली. बॅग बंद केली, पुन्हा उघडली. तीन दिवस हेच! पंखा फिरतो, ताई फिरतात, बॅग जागच्या जागी. यजमान मुरलीधरराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी हातकाट्याला बॅग लटकवली.

"सत्तावीस किलो. तेवीसच चालतं. जादा डबे तोडल्याशिवाय ही गाडी सुटणार नाही!"

"तुमची पुस्तकं काढा."

"माझं एकच पुस्तक आहे आणि ते माझ्या हातात आहे. ही कानटोपी कुणाची?"

"राहू द्या ना!"

"सिंधू, लेकीकडे चाललो आहोत. युद्धावर नाही."

शाल गेली, मोजे गेले, टोपी गेली, चार स्वेटर गेले. काटा बावीसवर आला. ब्लाउज राहिले. सुईदोऱ्याची डबीही राहिली. पक्का मारीन, तिथे गेल्यावर मारीन!

सेव्हिल. तिसरा दिवस, सकाळचे अकरा. मोठा दगडी चौक, तापलेल्या भिंती, नारंगीची झाडं. ताईंच्या अंगात अस्तराचा ब्लाउज. घाम कपाळावरून डोळ्यांत. प्राजक्ता म्हणते, "आई, बाही वर कर." "नको." "आई, तुझा चेहरा बघ." "नको म्हटलं ना!" आणि पुढच्या कमानीपाशी ताईंचे पाय लटपटले. मुरलीधररावांनी धरलं म्हणून, नाहीतर दगडावर आदळल्या असत्या!

सावलीत बसवलं. पाणी पाजलं. प्राजक्ता बाही वर सरकवायला गेली, तर ताईंनी मनगट मुठीत आवळून धरलं. भोवळ येते आहे, पण मूठ सुटत नाही!

"सोड, लोक बघतात!"

"कोण लोक, आई? इथे तुला ओळखतं कोण?"

ताईंनी मान वर केली. एक म्हातारा कुत्र्याला पाणी पाजत होता. दोन बायका आइस्क्रीम खात होत्या. बिनबाहीचे कपडे, आणि त्यातल्या एकीच्या दंडावर भाजल्याचा हा एवढा व्रण. ती आइस्क्रीम वितळायच्या आत संपवण्यात गुंतली होती. एकही माणूस इकडे बघत नव्हता.

मग बघत कोण होतं, मंडळी? ती नणंद बघत होती! तो मांडव बघत होता! शाल काढली, टोपी काढली, पाच किलो लोकर घरी ठेवली. पण ही सगळी माणसं ताईंनी बॅगेत भरून नेली होती. त्यांचं वजन कुठल्या काट्यावर दिसणार?

दुपारी घरी, पडदे ओढलेल्या खोलीत, प्राजक्ता आईजवळ बसली. मग एकदम म्हणाली,

"माझ्या हळदीला तू उठली नाहीस. मागे जाऊन बसलीस. मला वाटलं, हे लग्न तुला पसंत नाही. नऊ वर्षं बोलावते आहे आणि तू येत नाहीस. मग तर खात्रीच झाली."

"अगं, मी निघाले होते!" ताई उठूनच बसल्या. "वाटी होती माझ्या हातात. काढून घेतली!"

"कुणी?"

ताईंनी सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच. दाराशी उभे असलेले मुरलीधरराव खाली बघत राहिले. त्यांना माहीत होतं. तेही बोलले नव्हते.

प्राजक्ता स्वयंपाकघरात गेली आणि मसाल्याच्या डब्यातली हळद वाटीत कालवून घेऊन आली. आईपुढे जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "लाव."

सुईदोऱ्याची डबी उशाशी होती. पांढरा दोरा कोपराशी होता. मंडळी, ताईंनी सुई उचलली नाही. दोरा नखाने पकडला आणि ओढला! एक बाही गळून पडली. मग दुसरी. आणि त्या दोन हातांनी आईने लेकीच्या गालांना हळद लावली. कपाळाला लावली, पायांना लावली. नऊ वर्षांची हळद! लेक रडते आहे, आई म्हणते आहे, "हलू नकोस, डोळ्यात जाईल."

पुढचे सत्तावीस दिवस ताई सेव्हिल फिरल्या. उन्हात हातांना डॉक्टरांनी सांगितलेलं मलम आणि वर पातळ सुती ओढणी, कारण डाग उन्हात लवकर भाजतात. सावलीत हात मोकळे. परत आल्यावर बाह्यांचे बारा तुकडे लोटनमामांच्या टेबलावर ठेवले. मामा म्हणाले, "पक्का नाही ना मारलास?" बस, एवढंच.

आता तुम्ही सुटलात असं समजू नका!

ती वाटी काढून घेतली, तेव्हा मांडवात तीनशे माणसं होती. त्यातली निम्मी आज इथे बसली आहेत. आणि मी? मुलीकडचाच पाहुणा, पुढच्या रांगेत होतो. वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ते मी याच डोळ्यांनी पाहिलं. आणि मी काय केलं? पानावर जिलबी वाढून घेतली. त्यानंतर नऊ वर्षं या गादीवरून तुम्हाला भूतदया शिकवली! लोटनमामांनी त्या बाहीला कापड जोडलं असेल. पण बाही शिवायला लावली कुणी? माझ्या त्या गप्प बसण्याने, मंडळी. आणि तुमच्या.

आता आरती होईल. मग रिवाजाप्रमाणे दारात बुक्का लावतील. आजच्या बुक्क्याचं ताट कुणाच्या हातात आहे, मागे वळून बघा. हो, त्याच. सिंधूताई. कोपरापर्यंतची बाही आहे, हात उघडे आहेत.

मागचं दार मी बंद करायला सांगितलं आहे! बाहेर जायची वाट एकच. पहिलं कपाळ माझं. माझ्यामागे कोण येतं, ते मला दारात उभं राहून बघायचं आहे.