साळूबाई अजून उंबऱ्यातच

...नाही, नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, गोष्ट न लिहिण्यात मी जेवढी मेहनत घेतली ना, तेवढी लोक लिहिण्यातसुद्धा घेत नाहीत! आणि वर आमची रोहिणी, म्हणजे आमचं कुटुंब, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ह्यांचं नुसतं चाललंय." नुसतं? अहो, जन्मभर आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढलेला माणूस मी! पाया नको का? सांगा ना... पाया नको का?

झालं असं, की आमच्या गंगापूर रोडवरचा अश्विन दिवाळी अंक काढतो. म्हणजे वर्षभर जाहिराती गोळा करतो आणि दिवाळीत साहित्यसेवा करतो. भाजी घेताना भेटला, म्हणाला, "काका, रिटायर झालात, आता एक गोष्ट द्या की. पान राखून ठेवतो!" खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या. एवढे नकाशे काढले, पण खाली सही कायम साहेबाची. एकदा तरी आपलं नाव छापून यावं, वाटतं ना माणसाला? कोथिंबीर तिथंच विसरलो आणि पिंपळगावला व्याह्यांना फोन लावला. आमचे मल्हारीआप्पा, द्राक्षबागवाले. ते म्हणाले, "लय भारी, व्याही! समद्या भावकीत अंक वाटतो!" झाली का पंचाईत? आता माघार नाही.

गोष्ट तर डोक्यात तयार होती. साळूबाई नावाची खमकी बाई, स्वतः ट्रॅक्टर हाकत कांदा घेऊन लासलगावला येते आणि भर लिलावात व्यापाऱ्याला सुनावते, "ह्या भावात देण्यापरीस घरी नेऊन भजी तळीन, पर तुला नाय देणार!" बस्स. एवढीच. एखादा उथळ माणूस लगेच लिहायला बसला असता. पण पाया नको का?

म्हणून आधी साळूबाईचं घर काढलं. स्केलमध्ये! चूल कुठं, मोरी कुठं, दार पूर्वेला. आता दार पूर्वेला म्हटल्यावर ट्रॅक्टर उभा राहणार कुठं? अंगण वाढवलं. अंगण वाढवलं तर शेजाऱ्याची हद्द आली! शेजारी आला म्हणजे भांडण आलं, भांडणाला कारण नको का? मग त्यांच्या पणजोबांपासून सुरुवात केली... तेवढ्यात कुकर लावता लावता रोहिणी विचारते, "निघाली का हो साळूबाई?" म्हटलं, "निघेल, निघेल. सध्या वंशावळ चाललीय." तर म्हणते, "अहो, तिच्या कांद्याला कोंब फुटले असतील एव्हाना!" आता ह्या बाईला काय सांगायचं?

मग म्हटलं, लिलाव प्रत्यक्ष बघायला हवा. टोपी, पाण्याची बाटली, मोजायची टेप, सगळं घेऊन एसटीने लासलगाव गाठलं... तर नेमका त्या दिवशी लिलाव बंद! एवढं मोठं यार्ड आणि त्यात मी आणि एक गाय. गाय माझ्याकडे बघतेय, मी गायीकडे बघतोय. तरी रिकाम्या हाताने नाही परतलो, फाटकाची रुंदी घेऊन आलो. साळूबाईचा ट्रॅक्टर आत शिरायला नको का?

इकडे अश्विनचे फोन सुरू. "काका, कुठवर आलं?" म्हटलं, "शेवट ठरतोय." "आणि सुरुवात?" अरे गाढवा, शेवट ठरल्याशिवाय सुरुवात करतं का कुणी? तर रडवेला होऊन म्हणतो, "काका, अनुक्रमणिका छापून झाली हो, तुमचं नाव घातलंय. आज काहीही द्या!"

मग मात्र बसलो. नवीन पेन, कोरा कागद, रोहिणीचा चहा. लिहिलं, 'साळूबाईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.' आणि घाम फुटला! कुठलं पाऊल? उजवं की डावं? पायात चप्पल होती का अनवाणी? एवढ्या आराखड्यात हे ठरलंच नव्हतं हो! खोडलं. पुन्हा अंगणाकडे वळलो...

अंक आला. अनुक्रमणिकेत माझं नाव, ठळक अक्षरांत! घाईघाईने पान उघडलं, तर गोष्टीच्या जागी कुठल्याशा बिल्डरची पानभर जाहिरात. रंगीत इमारत, झाडं, कारंजं, खाली 'बुकिंग सुरू'. लाजेने मान वर होईना माझी. रोहिणीने नुसता चहा पुढे सरकवला. त्यानेच जास्त लागलं बघा.

आणि तेवढ्यात फोन. मल्हारीआप्पा! म्हटलं, आता निघाली अब्रू. तर पलीकडून आरोळी, "व्याही! तुमचं नाव बघून पान उघडलं, काय प्लॅन हाय वो! समद्या भावकीनं बघितला. म्या तर फ्लॅटच बुक करून टाकला!"

"आप्पा, अहो, जागेवर जाऊन बघितलात तरी का?"

"गेल्तो की! अजून पायाबी खणला नाय तिथं. पर काय बिघडतंय? छापून आलंय ना!"

फोन ठेवला. रोहिणीने विचारलं, "काय म्हणाले व्याही?"

म्हटलं, काही नाही... पाया नसला तरी चालतो म्हणाले.